रोज तीन मिनिटे मागे

बद्रीनाथ मुन्शींनी सव्वीस वर्षे एकच काम केले. औरंगाबादच्या एका महसुली कचेरीत दाराजवळच्या टेबलाशी बसायचे, आलेला अर्ज घ्यायचा, त्यावर मोहर उमटवायची आणि मोहरेखाली तारीख व वेळ लिहायची. अर्जात काय आहे ते त्यांनी वाचायचे नव्हते. तो कधी आला, एवढेच सांगायचे होते. निजामाच्या दफ्तरात सगळे उर्दूत चाले. घरी मराठी बोलणाऱ्या बद्रीनाथांचे उर्दू आकडे इतके सुबक होते की तपासणीला हैदराबादहून आलेले अधिकारी त्यांची वही मुद्दाम मागवून घेत. मुदतीच्या कामात त्या आकड्यांवर जमिनी टिकत आणि जात. चारपर्यंत आलेला अर्ज आला; चारनंतरचा आलाच नाही.

वेळ भिंतीवरच्या घड्याळाची धरायची, असा रिवाज होता. ते लंबकाचे, तासाला ठोके देणारे घड्याळ. रामकिसन चपराशी रोज सकाळी तारघरात जाई आणि तिथली वेळ एका टाइमपीसवर लावून आणी. टाइमपीस फडक्यात गुंडाळून, दोन्ही हातांनी धरून, भरलेले दुधाचे भांडे आणावे तसा तो चालत येई. मग स्टुलावर चढून भिंतीवरचे घड्याळ जुळवी. तेव्हा दहा वाजलेले असत.

कचेरीत दुसरे घड्याळ होते ते साहेबांचे. सोन्याचे, झाकणाचे, साखळीचे, जिनिव्हाहून आलेले. साहेब ते खिशातून काढत तेव्हा वेळ बघण्यापेक्षा झाकण उघडण्याचा बारीक आवाज समोरच्याला ऐकू जाणे त्यांना महत्त्वाचे वाटे. त्या घड्याळावरून कचेरीतले कोणतेही काम चालत नसे. फक्त एकदा चालले.

१३४५ फसलीतला बहमन महिना होता. इंग्रजी १९३५चा डिसेंबर संपत आला होता. देवगाव रंगारीचा सांडू नावाचा शेतकरी धापा टाकत कचेरीत आला. त्याच्या बापाने स्वतः पहारीने खणलेली विहीर आणि तिच्याभोवतालची अकरा एकर जमीन गावातल्या आप्पासाहेबांनी आपल्या नावावर लावून घ्यायला अर्ज टाकला होता. हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत होती आणि हा तिसावा दिवस होता. सांडू ज्या भाड्याच्या मोटारीत बसून निघाला ती वेरूळच्या घाटात बंद पडली. तिथून तो मिळेल त्या गाडीने आणि उरलेले पायी आला. हरकतीचा अर्ज त्याने धोतराच्या सोग्यात बांधला होता.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला पाच मिनिटे होती. बद्रीनाथांनी अर्ज घेतला, मोहर शाईत बुडवली. तेवढ्यात आतला पडदा सरकला आणि साहेब बाहेर आले. साहेब कधी बाहेर येत नसत. पडद्याआड आप्पासाहेब बसलेले होते. त्यांच्या पुढ्यातला चहाचा पेला बद्रीनाथांना दिसला.

साहेबांनी झाकण उघडले. "चार वाजून दोन मिनिटं."

"हुजूर, भिंतीवरचं..."

"भिंतीवरचं सरकारी आहे. हे जिनिव्हाचं आहे. बद्रीनाथ, तुम्हीच सांगा, कोणतं खरं?"

हा प्रश्न नव्हता, हे बद्रीनाथांना पंचवीस वर्षांच्या अनुभवाने कळत होते. सांडूला मात्र तो प्रश्नच वाटला. त्याने उत्तर दिले.

"मला आकडे वाचता येत नाय, सरकार. पर मोठा काटा वर गेला की ठोके पडत्यात, एवढं कळतंय. ठोके कुठं पडले? आजून नाय पडले की."

साहेबांनी रामकिसनकडे पाहिले. रामकिसनने स्टूल ओढले, वर चढला, घड्याळाची काच उघडली आणि मोठा काटा बोटाने पुढे सारला. काटा बारावरून गेला आणि घड्याळाने ठोके द्यायला सुरुवात केली. सांडू अंगठ्याने बोटांची पेरे मोजत राहिला. एक, दोन, तीन, चार. चौथ्या ठोक्यानंतर त्याने हात खाली घेतला.

बद्रीनाथांनी लिहिले : चार वाजून दोन मिनिटे, मुदतीनंतर. आकडे नेहमीसारखेच सुबक आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकिसन तारघरातून वेळ घेऊन आला. भिंतीवरचे घड्याळ सात मिनिटे पुढे होते. त्याने कोणालाही न विचारता ते सात मिनिटे मागे घेतले आणि स्टूल जागेवर ठेवले. बद्रीनाथांनी ते पाहिले. 

बद्रीनाथ वाईट माणूस नव्हते. त्यांनी कधी कोणाकडून चहाही घेतला नव्हता आणि याचा त्यांना अभिमान होता. त्यामुळे त्यांना एका समजुतीची गरज होती आणि ती त्यांनी तयार केली. साहेबांचे घड्याळ पुढे धावत असणार. भारी वस्तूंची तऱ्हा असते. साहेबांनी जे पाहिले ते सांगितले, आपण त्यांनी सांगितलेले लिहिले. यात लबाडी कोणाची नाही, झालीच असेल तर घड्याळाची चूक. या समजुतीवर ते पाच आठवडे नीट झोपले.

इस्फंदार महिन्यात साहेबांची बदली झाली. निरोपाच्या सभेत, हार गळ्यात असतानाच, साहेबांनी खिशातून घड्याळ साखळीसकट काढले आणि सगळ्या कचेरीसमोर बद्रीनाथांच्या हातात ठेवले.

"वेळेचा इतका पक्का माणूस मी माझ्या नोकरीत पाहिला नाही," साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या. रामकिसननेही वाजवल्या.

घरी बद्रीनाथांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, घड्याळासाठी मखमलीची थैली शिवली. शेजारणी बघायला आल्या. बद्रीनाथांनी रात्री चावी दिली, सकाळी घड्याळ खिशात घालून कचेरीत गेले आणि रामकिसन स्टुलावरून उतरल्यावर दोन्ही घड्याळे मिळवून पाहिली. सोन्याचे घड्याळ तीन मिनिटे मागे होते.

त्यांनी ते जुळवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन मिनिटे मागे. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

कोणाही दुसऱ्या माणसाला याचे काही वाटले नसते. दिवसाला तीन मिनिटे म्हणजे फार नाही. बद्रीनाथांची समजूत मात्र त्या तीन मिनिटांत मोडत होती. मागे पडणारे घड्याळ आपोआप सात मिनिटे पुढे जात नाही. त्याला कोणीतरी पुढे सारावे लागते. पडद्याआड, चहाचा पेला समोर असताना.

तरी त्यांनी घाई केली नाही. चाळीस दिवस घड्याळ पारखले. कधी उभे टांगले, कधी पालथे ठेवले, कधी उशीखाली, कधी कोनाड्यात. चावी कधी सकाळी दिली, कधी संध्याकाळी. रोजचा फरक एका वहीत त्याच सुबक आकड्यांत टिपला. एखादा दिवस ते पुढे जावे, अर्धे मिनिट का होईना, एवढीच त्यांची इच्छा होती. तसा एक दिवस सापडला असता तर सगळे पहिल्यासारखे झाले असते. सापडला नाही. अडीच मिनिटे मागे, तीन मिनिटे मागे, साडेतीन मिनिटे मागे. चाळीस ओळींत 'पुढे' हा शब्द एकदाही लिहावा लागला नाही.

आणि रोज सकाळी दहाला त्यांना घड्याळाची किल्ली बाहेर ओढून मोठा काटा तीन मिनिटे पुढे सारावा लागे. तेवढे करताना ते भिंतीकडे तोंड करून बसू लागले.

द्वारकाबाईंना हे सगळे आजार वाटू लागले होते. "अहो, सोन्याचं घड्याळ मिळालंय का कोणाची पत्रिका? जब्बारमियाँकडं टाका, नीट करून देतील. रोज उठून काय ते लिवत बसता?"

"बघू."

"बघू काय? लोक म्हणत्यात, मुन्शीजींचं घड्याळ मुन्शीजींवानीच हाय. दिसायला भारी अन् एक पाऊल मागं."

बद्रीनाथ हसले नाहीत. घड्याळ नीट करून घेतले तर ते पुढे कधी गेले होते की नाही, हे कोणालाच, त्यांनाही, कळणार नव्हते. नीट करून घेतले नाही तर रोज सकाळी कळत राहणार होते. ते आजवर कोणत्याही कागदावर एवढे अडले नव्हते.

अर्दिबिहिश्त महिन्याच्या शेवटी, इंग्रजी एप्रिल लागता लागता, वरच्या कचेरीतून सवालनामा आला. सांडूने अपील केले होते. त्याला अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीसाने लिहिले होते की साहेबांचे घड्याळ जाणूनबुजून पुढे केलेले होते. बदली झालेल्या साहेबांनी उत्तर पाठवले होते आणि ते उत्तर थंड डोक्याने लिहिलेले होते : माझे घड्याळ बिनचूक आहे, ते आता बद्रीनाथ मुन्शींकडे आहे, सरकारने खुशाल पारखून घ्यावे. म्हणून हुकूम झाला. पुढच्या, खुरदाद महिन्याच्या दहा तारखेला बद्रीनाथांनी घड्याळ हजर करावे. तीन दिवस ते तारघराच्या वेळेशी पडताळले जाईल. बरोबर चालले तर त्या दिवशी भिंतीवरचे घड्याळच चुकीचे होते असे धरले जाईल आणि अपील संपेल. बरोबर चालले नाही तर मुन्शींना विचारले जाईल की त्या दिवशी त्यांनी भिंतीवर काय पाहिले.

हुकूम वाचून झाल्यावर बद्रीनाथांनी तो घडी घालून थैलीत, घड्याळाशेजारी ठेवला.

त्याच आठवड्यात सांडू येऊन गेला. टेबलापासून चार हात दूर, जमिनीवर बसला.

"मुन्शीजी, मी काय मागायला नाय आलो."

"मग?"

"मोटंचा बैल इकला नाय आजून. विहीर ऱ्हाती का जाती त्यावर हाय. तुमी त्या दिशी भिंतीकडं बघितलं होतं. मी तुमच्याकडं बघत होतो. एवढंच सांगायला आलो." तो उठला. दारात रामकिसनला म्हणाला, "तू सारला काटा. तुझं काय नाय बाबा, तू स्टुलावर होतास." रामकिसन खाली बघत राहिला.

रात्री द्वारकाबाईंनी हुकमाचा अर्थ विचारला. बद्रीनाथांनी सांगितला. त्या बराच वेळ भाकरीचे पीठ मळत राहिल्या.

"पेन्शनीला किती दिस ऱ्हायले?"

"सात महिने."

"खोटं लिवलं म्हणून सिद्ध झालं तर पेन्शन मिळती?"

"नाही."

"मंग घड्याळ नीट करून घेणं काय पाप हाय? बिघडलेली वस्तू माणूस नीट करून घेतोच की. तुमी काय खोटं बोलायचं नाय. घड्याळ ठेवायचं, गप बसायचं."

हाच विचार बद्रीनाथांनी केला होता, फक्त इतक्या सरळ शब्दांत केला नव्हता.

खुरदादच्या सात तारखेला ते गुलमंडीला जब्बारच्या दुकानात गेले. जब्बार साठीचा, कोरड्या विनोदाचा घड्याळवाला. उजव्या डोळ्याला भिंग लावून तो जगाकडे एकाच डोळ्याने बघत असे आणि तेवढे पुरे आहे म्हणे.

"या मुन्शीजी. शहरभर बोलबाला हाय ह्याचा. आज दर्शन झालं."

"दिवसाला तीन मिनिटं मागं पडतं."

"नवाबाचा घोडा हाय. दिसायला अरबी, चालायला निवांत." त्याने आतले झाकण उघडले. "दोन घटकंचं काम. बालकमानीशेजारी ही सुई बघा, केसाएवढी हलवायची. आळशी माणसाला हाक मारल्यावानी."

बद्रीनाथांनी विचारले, "हे आधी कधी पुढं धावत असंल का? मागच्या बहमनात वगैरे?"

जब्बारने झाकणाची आतली बाजू उजेडाकडे धरली. सोन्यावर सुईच्या टोकाने कोरलेली बारीक अक्षरे होती.

"हे दिसतं? घड्याळ उघडलं की कारागीर आत आपली खूण अन् तारीख टाकतो. आमच्यात रिवाज हाय. गिऱ्हाइकाला कधी दिसत नाय. ही हैदराबादच्या कारागिराची. तेराशे एक्केचाळीस. ही त्रेचाळीसची. अन् ही चव्वेचाळीस, आबान महिना." आबान म्हणजे सांडूच्या अर्जाच्या तीन महिने आधीचा. "तिन्ही वेळा सुई चपळाईच्या बाजूला सारलीय, भीतभीत, जराजराशी. म्हणजे तिन्ही वेळा सुस्तीसाठीच आणलेलं. मुन्शीजी, हे घड्याळ जन्मात पुढं गेलेलं नाय. कवा गेलं असंल तर कुणाच्या तरी बोटानं."

चाळीस दिवस जे वहीत शोधले ते झाकणात कोरलेले निघाले. बद्रीनाथ दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. झाकण बंद करून घड्याळ तसेच उचलले असते तर तीन दिवसांनी ते वरच्या कचेरीच्या टेबलावर मागे पडत गेले असते. आणि कोणी विचारले असते तर तीन खुणा दाखवता आल्या असत्या. बाहेर गुलमंडीत नेहमीची वर्दळ होती.

"काय करू? लावू का ऱ्हाऊ देऊ?" जब्बारने विचारले. "खरं सांगू, तीन मिनिटांसाठी ह्याला हात लावावा असं नाय. वापरणाऱ्याच्या मर्जीवर हाय."

"लावा. बिनचूक पायजे."

"परवा सकाळी न्या."

"जब्बारमियाँ, खूण करू नका."

जब्बारने डोळ्यावरचे भिंग काढले. आता तो दोन्ही डोळ्यांनी बघत होता. "ते नाय जमायचं. काम केलं अन् खूण नाय, म्हंजे चोरी केल्यावानी हाय. तुमी नाय का मोहर मारत?"

बद्रीनाथ उठले. ठरल्या सकाळी त्यांनी घड्याळ नेले तेव्हा झाकणात चौथी खूण होती : ज, आणि शेजारी सात खुरदाद.

दहा तारखेपासून तीन दिवस घड्याळ वरच्या कचेरीत कुलपात राहिले. रोज तारघराची वेळ आणून पडताळले गेले. पडताळणाऱ्या अधिकाऱ्याने बाहेरचे झाकण पुन्हा पुन्हा उघडून आवाज ऐकला आणि वस्तू उत्तम असल्याचे शेऱ्यात लिहिले. आतले झाकण उघडायचे कोणाच्या मनात आले नाही. तीन दिवसांत फरक अर्ध्या मिनिटाहून कमी पडला. रामकिसनची जबानी एका ओळीची झाली : हुकूम झाला, मी स्टुलावर चढलो. बद्रीनाथांना फक्त एवढे विचारले गेले की हे घड्याळ बरोबर चालते काय. ते म्हणाले, "चालते." त्या दिवशी ते खरे होते. कागदावर त्यांचे नाव साक्षीदार म्हणून नाही, घड्याळाचा धारक म्हणून आहे.

परतल्यावर रामकिसन टाइमपीस पुसत म्हणाला, "मुन्शीजी, घड्याळाची तब्येत सुधारली म्हणं."

"हो."

"ऐन वक्ताला सुधारली. नशीब लागतं."

अपील फेटाळले गेले. अकरा एकर आणि विहीर आप्पासाहेबांच्या नावावर चढली. सांडूने बैल विकला आणि मग त्याच विहिरीवर आप्पासाहेबांची मोट हाकायला राहिला. बद्रीनाथ सात महिन्यांनी निवृत्त झाले. पेन्शन पूर्ण मिळाली. घड्याळ त्यानंतर अकरा वर्षे, त्यांच्या अखेरपर्यंत, बरोबर चालले. औरंगपुऱ्यातली माणसे आपली घड्याळे त्यावरून लावत. बद्रीनाथ वेळ पाहून झाकण लगेच मिटत, एवढाच बदल शेजाऱ्यांच्या लक्षात आला होता. आत कोरलेले सात खुरदाद कोणी वाचले नाही. ती तारीख आणि तीनच दिवसांनी सुरू झालेली पडताळणी शेजारी ठेवून पाहिली असती तर एखाद्या पोरालाही उमगले असते.

निकालानंतर सांडू कचेरीत एकदाच आला. नकलेचा कागद घ्यायचा होता. तो दिला गेला. दुपार उतरली होती. सांडूच्या गावाकडची मोटार साडेचारला शहागंजातून सुटणार होती आणि तो भिंतीला टेकून बसला होता.

बद्रीनाथांना त्याच्याशी काहीतरी बोलावेसे वाटले. त्यांनी घड्याळ काढले.

"चार वाजायला पाच मिनिटं हायत. निघ आता, जागा मिळंल."

सांडूने घड्याळाकडे पाहिले नाही. बद्रीनाथांकडेही नाही. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला.

"ठोके पडू द्या," तो म्हणाला.

पाच मिनिटे गेली. बद्रीनाथांच्या हातात झाकण उघडे होते. मग ठोके पडले. सांडूने अंगठा पेरांवरून नेत चारही मोजले, कागद सोग्यात बांधला आणि उठून गेला.